तुझा फुलस्टॉप घाईचा आहे!

ऑफिसच्या मेलमधलं अर्धवट इंग्रजी वाक्य ही नुसती ग्रामरची चूक असते असं तुम्हाला वाटतं? मलाही वाटायचं. मग एके गुरुवारी एक ट्रक नको त्या वेळी सुटला...

मंडे मॉर्निंग. चहाचा कप अर्धा रिकामा, मेलबॉक्स मात्र ओसंडून वाहतोय. तुम्ही भराभर उत्तरं टाइप करताय. "विल चेक अँड कन्फर्म." सेंड. "रिपोर्ट अटॅच्ड हिअरविथ." सेंड. "बिकॉज द सर्व्हर वॉज डाऊन." सेंड! दहा मिनिटांत आठ मेल उडवले की कसं एकदम प्रॉडक्टिव्ह वाटतं. ओळखीचं वाटतंय ना?

मीही दिवसाला असे वीस-पंचवीस मेल उडवायचे. कुणाची काही तक्रार नव्हती. त्या गुरुवारपर्यंत.

मी पुण्याजवळ चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत डिस्पॅचचं काम बघते. आमचे ब्रॅकेट आधी चेन्नईच्या एका गोडाऊनमध्ये जातात आणि तिथून कस्टमरच्या प्लँटला. गोडाऊनचे सुपरवायझर तमिळ, मी मराठी. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही आणि हिंदीत त्यांचं जमत नाही. म्हणजे आमच्यामधला एकुलता एक पूल इंग्रजीचा. त्या आठवड्यात मी त्यांना तीन ओळी लिहिल्या :

"डिस्पॅच द फर्स्ट लॉट ऑन थर्सडे. इफ द कस्टमर अप्रूव्ह्ज द सॅम्पल. बुक द सेकंड ट्रक."

माझ्या डोक्यात सगळं एकदम क्लिअर होतं. सॅम्पल पास झालं तरच पहिला लॉट गुरुवारी सोडायचा. दुसरा ट्रक मात्र आत्ताच बुक करून ठेवायचा, कारण महिनाअखेरीला गाड्या मिळताना मारामार असते. सुपरवायझरनी वाचलं ते असं : पहिला लॉट गुरुवारी सोडा. सॅम्पल पास झालं, तर दुसरा ट्रक बुक करा.

आता तुम्हीच तो मेल परत वाचा. सांगा, त्यांचं काय चुकलं?

गुरुवारी सकाळी पहिला लॉट सुटला. शुक्रवारी सॅम्पल नापास झालं. १,२०० ब्रॅकेट प्लँटच्या गेटवरून उलट पावली गोडाऊनला. गाडीचं भाडं जायचं आणि यायचं दोन्ही आमच्या माथी. सुधारलेला माल तयार झाला तेव्हा न्यायला गाडी नाही, कारण दुसरा ट्रक कुणी बुकच केला नव्हता!

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी तयारीतच गेले होते.

"सर, मी 'इफ' लिहिलं होतं. मेल आहे माझ्याकडे."

"लिहिलं होतंस. पण ते 'इफ' कुणाचं होतं? वरच्या वाक्याचं की खालच्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर्षअखेरीला अप्रेजलच्या फॉर्मवर एक ओळ आली : 'रिटन कम्युनिकेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट.' (हे मात्र पूर्ण वाक्य होतं बरं का! कर्ता, क्रियापद सगळं जागच्या जागी.) सिनियरची पोस्ट दुसऱ्याला गेली. कँटीनमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं, "मराठी मीडियम ना, चालायचंच." ते वाक्य भाड्याच्या बिलापेक्षा जास्त लागलं.

आत्याची लाल पेन्सिल

माझी आत्या साताऱ्याला मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण चूक दिसली की तिचा हात आजही पेन्सिल शोधतो. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा रडतरडत सगळी स्टोरी सांगितली. तिने डोळे पुसायला पदर दिला नाही. म्हणाली, "तुझ्या पन्नास मेलच्या प्रिंट काढून आण."

दुसऱ्या दिवशी ती पानं घेऊन ओसरीवर बसली. मला वाटलं होतं, स्पेलिंग निघतील, टेन्स निघतील. तिने त्याला हातही लावला नाही. फक्त काही वाक्यांखाली रेघ ओढत गेली. संध्याकाळपर्यंत साठाच्या वर रेघा झाल्या. मग चष्मा काढून म्हणाली, "अगं, तुझं इंग्रजी कच्चं नाही. तुझा फुलस्टॉप घाईचा आहे. वाक्य संपायच्या आधीच तू थांबतेस."

इंग्रजी ग्रामरमध्ये अशा वाक्याला 'सेन्टेन्स फ्रॅगमेंट' म्हणतात. फ्रॅगमेंट म्हणजे तुकडा. पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी फुलस्टॉप, कपडे सगळे वाक्याचे. आत मात्र वाक्य नाही. एमएस वर्ड वापरणाऱ्यांची या शब्दाशी जुनी ओळख असेल. वाक्याखाली हिरवी नागमोडी रेघ यायची, राइट क्लिक केलं की 'फ्रॅगमेंट' म्हणून सूचना यायची आणि आपण बिनधास्त 'इग्नोर' दाबायचो! वर्ड २०१३ पासून ती रेघ निळी झाली. आपलं बोट मात्र अजून 'इग्नोर'वरच.

'पूर्ण अर्थ' नावाची गडबड

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय : पूर्ण अर्थ देणारा शब्दांचा समूह म्हणजे वाक्य. मराठीच्या तासालाही हेच, इंग्रजीच्या तासालाही हेच. आत्या म्हणाली, "ही व्याख्या मी तीस वर्षं शिकवली. खोटी नाही, पण तपासायला काही कामाची नाही."

कशी ते बघा. "ही डिड इट." कोणी केलं? काय केलं? काहीच कळत नाही. तरी हे शंभर टक्के पूर्ण वाक्य आहे. आता हे बघा : "बिकॉज द मेन सर्व्हर ॲट अवर चाकण ऑफिस वॉज डाऊन फ्रॉम मंडे मॉर्निंग टिल ट्यूजडे नाइट." कुठे, काय, कधीपासून कधीपर्यंत, सगळी माहिती हजर. तरी हा तुकडाच आहे. म्हणजे अर्थ किती मिळतो यावर वाक्य ठरत नाही. लांबीवर तर नाहीच. "बर्ड्स फ्लाय." दोन शब्द, वाक्य पूर्ण!

मग ठरतं कशावर? आत्याने पानाच्या कोपऱ्यात तीनच गोष्टी लिहिल्या. एक, कर्ता हवा. दोन, त्या कर्त्याचं काळ दाखवणारं क्रियापद हवं. तीन, सुरुवातीला असा जोडशब्द नको, जो दुसऱ्या वाक्याची वाट बघायला लावतो. पहिल्या दोन गोष्टी असल्या आणि तिसरी नसली की फुलस्टॉप द्यायला मोकळे.

एवढं सोपं आहे तर आपण चुकतो का? आत्याचं उत्तर ऐकून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. म्हणाली, "कारण तू मराठी बरोबर बोलतेस म्हणून!"

कर्ता गेला कुठे?

माझ्या रेघांचे तिने चार ढीग केले. पहिला ढीग "विल सेंड बाय इव्हनिंग" टाइपचा. मराठीत "संध्याकाळपर्यंत पाठवते" म्हटलं की वाक्य पूर्ण. 'मी' म्हणायची गरजच नाही, कारण क्रियापदाच्या शेवटी 'मी' बसलेला असतो. पाठवते, पाठवतो, पाठवतोस, पाठवतील. कोण पाठवणार आहे ते शेपूट सांगतं. बोलणारा मुलगा आहे की मुलगी, हेसुद्धा बऱ्याचदा तिथेच कळतं.

इंग्रजी क्रियापदाकडे हे शेपूट जवळजवळ नाहीच. 'विल सेंड' म्हणजे मी पाठवणार, तू पाठवणार, ते पाठवणार, आम्ही पाठवणार... काहीही. म्हणून इंग्रजीत कर्ता हा पाहुणा नाही, घरचा माणूस आहे. त्याला बाहेर काढता येत नाही.

एकाच माणसाला मेल असेल तर अंदाजाने निभावतं. पण सीसीमध्ये सात जण असताना "विल चेक अँड कन्फर्म" लिहून बघा. प्रॉडक्शनला वाटतं क्वालिटी बघणार, क्वालिटीला वाटतं डिस्पॅच बघणार, आणि शुक्रवारी कळतं की कुणीच बघितलेलं नाही. "आय विल चेक अँड कन्फर्म." एक अक्षर वाढलं, जबाबदारी ठरली. कदाचित म्हणूनच आपल्याला ते अक्षर टाळायला आवडत असेल!

लपलेला 'आहे'

दुसरा ढीग बिनक्रियापदाचा. "द रिपोर्ट अटॅच्ड हिअरविथ." "द टीम वर्किंग ऑन इट." "मीटिंग ॲट फोर."

इथेही दोष आपल्या सवयीचा. मराठीत "हा माझा भाऊ", "हे आमचं ऑफिस", "मीटिंग चार वाजता" ही सगळी धडधाकट वाक्यं आहेत. 'आहे' न म्हणता चालतं. आणि "टीम काम करतेय" यात तर गंमतच आहे. 'करते आहे'चं बोलताना 'करतेय' झालं. म्हणजे 'आहे' गेला नाही, त्या शेवटच्या 'य'मध्ये लपून बसला. आपण हे इंग्रजीत नेताना 'करतेय'ला 'वर्किंग' समजतो आणि लपलेला 'इज' मागेच राहतो. एकटं 'वर्किंग' काळ दाखवत नाही. काल करत होती, आज करतेय की उद्या करणार आहे? ते सांगायचं काम 'इज', 'वॉज' आणि 'विल बी'चं आहे.

म्हणून लक्षात ठेवा, 'आयएनजी'वालं क्रियापद एकटं दिसलं की शेजारी त्याचा सोबती आहे का ते बघायचं. "द टीम इज वर्किंग ऑन इट." "द रिपोर्ट इज अटॅच्ड." बास. ('हिअरविथ' काढून टाकलं तरी कुणी रडणार नाही.)

'बिकॉज' म्हणजे 'कारण' नाही!

तिसरा ढीग सगळ्यात उंच होता. इफ, बिकॉज, व्हेन, सिन्स, ऑल्दो यांनी सुरू होणारे तुकडे. माझा ट्रक याच ढिगात अडकलेला होता.

मराठीत असे शब्द बहुतेक जोडीने फिरतात. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी, जिथे-तिथे, जो-तो. 'जर' कानावर पडलं की आपण 'तर'ची वाट बघतो. "जर सॅम्पल पास झालं." असं म्हणून कुणी गप्प बसलं तर आपण विचारतोच, "तर काय?" म्हणजे मराठीत दुसरा जोडीदार आला की नाही ते कानाला कळतं. इंग्रजीत 'इफ'बरोबर 'देन' आलंच पाहिजे अशी सक्ती नाही. 'ऑल्दो'चा जोडीदार तर येतच नाही. (तरी आपण सवयीने 'तरी'च्या जागी 'बट' घालतोच! "ऑल्दो इट वॉज लेट, बट वी सेंट इट" ही चूक याच मुशीतली.) जोडीदार वाट अडवायला नसल्यामुळे फुलस्टॉप मधेच घुसतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

'बिकॉज'ची कथा आणखी वेगळी. शाळेपासून आपल्याला 'बिकॉज म्हणजे कारण' असं सांगितलंय. पण मराठीत आपण आरामात लिहितो : "फाइल पाठवता आली नाही. कारण सर्व्हर बंद होता." व्याकरणाच्या पुस्तकात 'कारण'सुद्धा गौण वाक्य जोडणाराच शब्द आहे, पण रोजच्या लिहिण्या-बोलण्यात तो फुलस्टॉपनंतर ताठ मानेने उभा राहतो आणि कुणाला काही खटकत नाही. 'बिकॉज'ला औपचारिक इंग्रजीत ती मोकळीक नाही.

इथे आत्याने मला जी ट्रिक दिली, तिच्यावर मी आजही चालते. 'बिकॉज'चं भाषांतर 'कारण' असं करायचंच नाही. '-मुळे' असं करायचं. "बिकॉज द सर्व्हर वॉज डाऊन." म्हणजे "सर्व्हर बंद असल्यामुळे." बघा, लगेच कान म्हणतो, "...मुळे काय?" वाक्य हवेत लटकलेलं स्पष्ट ऐकू येतं. 'इफ'ला 'जर', 'व्हेन'ला 'जेव्हा', 'बिकॉज'ला '-मुळे'. आपल्याच भाषेचा कान इंग्रजीचा फुलस्टॉप तपासून देतो. तेव्हा मराठी मीडियम हे ओझं आहे असं कोण म्हणतं?

आणि हो, 'बिकॉज'ने वाक्य सुरू करूच नये, असंही आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात बसलंय. तसं काही नाही. "बिकॉज द सर्व्हर वॉज डाऊन, वी कुड नॉट सेंड द फाइल." अगदी पूर्ण आणि बरोबर. सुरुवात कशाने केली यावर भांडण नाही, पुढचा अर्धा भाग आला की नाही यावर आहे.

सरकारी शेपट्या

चौथा ढीग शेपट्यांचा. "विथ रेफरन्स टू युवर मेल डेटेड ५ जून." आणि फुलस्टॉप! संदर्भ दिला, पण त्या संदर्भात म्हणायचं काय आहे? आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रात वरती 'विषय' आणि 'संदर्भ' अशा वेगळ्या ओळी असतात. तिथे 'आपले दि. ५ जूनचे पत्र' एवढंच लिहिलं तरी शोभतं, कारण ती ओळ वाक्य असल्याचा दावाच करत नाही. तीच ओळ इंग्रजी मेलच्या पोटात आली की तिला पुढचं वाक्य लागतं : "विथ रेफरन्स टू युवर मेल, वी हॅव रिव्हाइज्ड द रेट."

याच जातीच्या आणखी दोन शेपट्या. "द रेट हॅज चेंज्ड. व्हिच वी इन्फॉर्म्ड लास्ट वीक." आणि "सम ऑर्डर्स आर लेट. एस्पेशली द चेन्नई ऑर्डर." दोन्हीकडे दुसरा तुकडा पहिल्याला चिकटायला आलाय आणि आपण मधे फुलस्टॉपची भिंत घातलीय. भिंत पाडा, तिथे कॉमा ठेवा आणि 'इन्फॉर्म्ड'पुढे तेवढं 'यू ऑफ' घाला. काम तमाम.

आता माझ्या ट्रककडे परत येऊ. "इफ द कस्टमर अप्रूव्ह्ज द सॅम्पल." दोन्ही बाजूंना फुलस्टॉप, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंत. हा तुकडा वरच्या घरातला की खालच्या, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. बोलताना मी हेच म्हटलं असतं तर आवाजाने सांभाळून घेतलं असतं : "लॉट गुरुवारी पाठवा... म्हणजे सॅम्पल पास झालं तर हं!" मेलला आवाज नसतो. आणि मराठीसारखाच तमिळमध्येही अट आधी, काम नंतर असा क्रम सहज येतो. मग सुपरवायझरनी अट पुढच्या ओळीला जोडली यात नवल ते काय? खरं सांगू, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

फ्रॅगमेंटचा खरा त्रास हा आहे. त्याने इंग्रजी दिसायला वाईट दिसतं हे ठीक आहे, तेवढं आपण पचवू. पण अर्धं वाक्य आपण लिहितो आणि उरलेलं अर्धं समोरच्याला मनाने पूर्ण करायला लावतो. तो पूर्ण करतोही, पण त्याच्या मनाने!

सेंड दाबण्याआधी : तीन टेस्ट

आत्याकडून घेतलेल्या आणि नंतर वाचून जमवलेल्या या तीन युक्त्या. प्रत्येकीला पाच सेकंद.

१. 'इट इज ट्रू दॅट' टेस्ट. वाक्याच्या आधी हे चार शब्द लावून वाचा. "इट इज ट्रू दॅट द सर्व्हर वॉज डाऊन." छान! "इट इज ट्रू दॅट बिकॉज द सर्व्हर वॉज डाऊन." अडखळलात ना? "इट इज ट्रू दॅट विल सेंड बाय इव्हनिंग." पुन्हा अडखळलात. अडखळलात की समजा, तुकडा आहे.

२. शेपटी प्रश्न टेस्ट. शेवटी 'इझन्ट इट', 'वॉजन्ट इट' यांपैकी योग्य ती शेपटी लावून बघा. "द सर्व्हर वॉज डाऊन, वॉजन्ट इट?" मस्त बसते. "विथ रेफरन्स टू युवर मेल..." याला कुठली शेपटी लावणार? लागतच नाही. अशा प्रश्नांच्या टेस्ट भाषा शिकवणारे लोक खरोखर वापरतात. अमेरिकेतले प्राध्यापक रेई नोगुची यांनी १९९१ च्या पुस्तकात त्या मांडल्या. त्यांचा मुद्दा मला फार आवडला : व्याकरणाच्या संज्ञा पाठ नसल्या तरी भाषा बोलणाऱ्याच्या कानाला वाक्य ओळखता येतं, त्या कानाला कामाला लावा.

३. आत्या टेस्ट. जर, जेव्हा, -मुळे लावून मराठीत म्हणा. मन "...मग काय?" म्हणालं की फुलस्टॉप पुसा.

एक सावधानता. आज्ञा आणि प्रश्न यांना पहिल्या दोन टेस्ट लावू नका. "सेंड द फाइल." हे पूर्ण वाक्य आहे. त्यात 'यू' अदृश्य रूपात हजर असतो, आपल्या "फाइल पाठव"सारखाच.

आणि दुरुस्ती? चांगली बातमी म्हणजे बऱ्याच वेळा नवीन शब्द लागतच नाही. एक फुलस्टॉप काढायचा, तुकडा शेजारच्या वाक्याला जोडायचा. नाहीतर एक 'आय' किंवा एक 'इज' घालायचा. फक्त उत्साहाच्या भरात दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता कॉमा ठोकू नका, ती उलट्या दिशेची चूक आहे.

तुकडे चालतात तेव्हा...

आता हे वाचून व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला "आय शॅल बी रीचिंग इन फाइव्ह मिनिट्स" असं पाठवू नका प्लीज! चॅटमध्ये, पीपीटीच्या स्लाइडवर, मेलच्या सब्जेक्ट लाइनमध्ये तुकडेच शोभतात. सरांनी विचारलं "व्हेन?" आणि तुम्ही म्हणालात "टुमॉरो", तर झालं. बाकीचं वाक्य प्रश्नातून उसनं मिळालेलं असतं.

मोठमोठे लेखकही मुद्दाम तुकडे वापरतात. चार्ल्स डिकन्सची १८५२-५३ मध्ये क्रमशः आलेली 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी उघडा. पहिलं वाक्य एका शब्दाचं, आणि सुरुवातीच्या परिच्छेदांत मुख्य क्रियापदाविना वाक्यांची रांग. पण डिकन्सला कुठे भिंत घातलीय ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं. फरक एवढाच.

जाहिरातवाल्यांचं तर पोटच तुकड्यांवर. चला, एक क्विक क्विझ. पूर्ण की तुकडा?

१. नायकी : "जस्ट डू इट."
२. अमूल : "अटरली बटरली डिलिशियस."
३. मॅकडोनल्ड्स : "आयम लव्हिन इट."
४. लॉरिआल : "बिकॉज यू आर वर्थ इट."
५. रेमंड : "द कम्प्लीट मॅन."

उत्तरं : पहिलं पूर्ण, आज्ञा आहे. दुसरा तुकडा, ना कर्ता ना क्रियापद, पण बटर छान. तिसरं पूर्ण, 'आयम'मध्ये कर्ता आणि 'ॲम' दोघंही आहेत. चौथा तुकडा, तोसुद्धा अस्सल 'बिकॉज'वाला! अर्धं वाक्य समोरच्याने मनाने पूर्ण करावं हेच तर जाहिरातीला हवं असतं. आणि पाचवा... 'कम्प्लीट' असूनही इनकम्प्लीट! पाचही बरोबर आले असतील तर तुमच्या टीमचे मेल आजपासून तुम्ही तपासा.

एआय आहे की!

"पण आता एआय आहे ना, तो नीट करून देतो की," माझी शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली. बरोबर आहे, मीही वापरते. म्हणून एकदा गंमत म्हणून तो जुना ट्रकवाला मेल मी तसाच्या तसा एका टूलमध्ये टाकला आणि म्हटलं, करेक्ट कर.

दोन सेकंदांत उत्तर आलं. इंग्रजी एकदम झकास, कॉमा जागच्या जागी, एकही तुकडा नाही. अट मात्र दुसऱ्या ट्रकला जोडलेली! म्हणजे ग्रामर सुधारलं आणि पहिला लॉट पुन्हा गुरुवारी सुटला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? माझ्या मनात काय होतं ते मी लिहिलंच नव्हतं. त्यानेही सुपरवायझरसारखाच अंदाज केला. भिंत कुठे घालायची हे ज्याने सांगायचं त्यालाच माहीत असतं. ते काम आउटसोर्स होत नाही.

माझं काय झालं म्हणता? सिनियरची पोस्ट लगेच नाही मिळाली, दीड वर्ष थांबावं लागलं. पण पुढच्या अप्रेजलच्या फॉर्मवर ती ओळ नव्हती. आणि कँटीनमध्ये ते हळूच बोलणारे महाशय हल्ली मोठ्या क्लायंटला मेल पाठवायच्या आधी "जरा बघतेस का गं?" म्हणून माझ्या डेस्कवर येतात. मी बघते. आत्याची पेन्सिल काढते आणि विचारते, "हे 'इफ' कुणाचं?"

परवा चेन्नईला पुन्हा तसाच एक लॉट होता. यावेळी मी लिहिलं : "इफ द कस्टमर अप्रूव्ह्ज द सॅम्पल, प्लीज डिस्पॅच द फर्स्ट लॉट ऑन थर्सडे. प्लीज बुक द सेकंड ट्रक टुडे इन एनी केस." दोन वाक्यं, दोन फुलस्टॉप. पाठवण्याआधी एकदा मनातल्या मनात मराठीत म्हणून बघितलं. जर... तर. बसलं.

सुपरवायझरचं उत्तर पाच मिनिटांत आलं. एकच शब्द : "क्लिअर."

कर्ता नाही, क्रियापद नाही. मी स्क्रीनशॉट आत्याला पाठवला.

तिचा लगेच फोन. "तुकडा आहे," ती म्हणाली, "पण याला पूर्ण मार्क!"